ढिगाऱ्याखालचा फोन

ते दार जरा लोटून घ्या, रस्त्यावरच्या गाड्या बोलू देत नाहीत. हं. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या दुकानाला लागूनच ज्याचं दुकान, त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याची आहे. आम्ही त्याला खटपट्या म्हणायचो.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. दिवे लागल्यावर तो एका गिऱ्हाइकाचे हेडफोन पोचवायला निघाला. हेडफोन महागातले, बाहेरचा गोंगाट गिळून टाकणारे. पण गिऱ्हाईक पडला जनरेटरवाला. "मला समोरच्याचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण त्याला माझ्याऐवजी जनरेटरच ऐकू जातो," ही त्याची तक्रार. खटपट्याला असलं काही हाती लागलं की जेवण सुचायचं नाही. एका ऑफिसच्या मोडक्या हेडसेटचा दांडीवाला माईक काढून त्यानं यात बसवला, थेट ओठांशी येईल असा. मला पलीकडच्या खोलीत फोन घेऊन बसवलं आणि स्वतः मिक्सर लावून बोलून पाहिलं. बऱ्यापैकी जमलं होतं.

चौकापुढे रस्ता अडवलेला होता. पलीकडे नुसती धूळ. शिवणकामाच्या कारखान्याची तीन मजली इमारत कोसळली होती. त्याची धाकटी बहीण तिथेच कामाला, आणि त्या दिवशी जादा पाळीवर.

तो फोन लावत राहिला. लागेना. ज्याला त्याला विचारत सुटला. बऱ्याच वेळानं त्याचाच फोन वाजला. बहिणीचा.

कानाला लावला तर काही कळेना. माती उपसणारी यंत्रं, काँक्रीट फोडणारी यंत्रं, सगळ्यांचा एकच कल्लोळ. यंत्रं थांबवा म्हणून तो चालकांच्या पाया पडला; पण खाली इतरांचीही माणसं होती, कशी थांबवणार? तेव्हा त्याला पिशवीतले हेडफोन आठवले. फोनला जोडून कानांवर चढवले आणि गोंगाट विझला. तिचा आवाज आला.

"दादा, काही ऐकू येत नाहीये रे. आहेस ना तू?"

तो जीव तोडून ओरडत होता, पण तिच्यापर्यंत यंत्रंच पोचत होती. त्यानं आपल्या स्कूटरची सीट फाडली, आतला स्पंज माईकला गुंडाळला, माईक अगदी दातांशी धरला. मग हळू बोलला.

"आहे मी. बोलत राहा."

"हां. आता आलास."

जिन्याच्या मागे आहे, जवळ नळ फुटलाय, पाणी ठिबकतंय, असं तिनं सांगितलं. त्यानं बचावपथकाच्या माणसांना हाताला धरून तिथे नेलं. त्यांनी घमेल्यांनी उपसायला सुरुवात केली. तोही नखांनी उकरत होता. तुला लागलंय का, हे त्यानं चारदा विचारलं. तिनं एकदाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या बाजूला नवीन लागलेली मुलगी आहे. तिला आधी काढा."

"दोघींना काढतो. बोलत राहा."

"दादा..."

"बोल ना."

...

"बोलत राहा गं. बोलत राहा."

काही नाही. फोन चालू. आवाज नाही.

स्लॅब उचलला.

मुलगी जिवंत होती. तिच्या शेजारी बहीण. डॉक्टर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग म्हणाले, हिचा जीव इमारत पडली तेव्हाच गेला.

"आत्ता बोलत होती," खटपट्या म्हणाला.

तिचा फोन तिच्या कमरेखाली होता. चुरा झालेला.

ती मुलगी शुद्धीवर आल्यावर हा दवाखान्यात गेला. ताई काय काय बोलली ते सांग, म्हणाला. मुलगी म्हणाली, ताई बोललीच नाही. अंधारात फक्त एका माणसाचा आवाज येत होता. बोलत राहा, बोलत राहा. म्हणून मी बोलत राहिले.

...

आणि एक. त्या मुलीचा डावा हात मोडला होता. उजवा स्लॅबखाली अडकलेला. बहिणीचे दोन्ही हात कोपरांपर्यंत तुळईखाली.

स्लॅब उचलला तेव्हाच मोडलेल्या हाताला ओढणी बांधलेली होती. बहिणीची. घट्ट, दोन गाठी मारून.