वरच्या वळणावरचा किसन

चैत्र लागला की सुरतेतले खानदेशी लोक पायी सप्तशृंगीच्या गडावर निघतात. दहा-पंधरा जणांचा जथा, पुढे भगवं निशाण, रोज एक टप्पा. सुरतेतल्या कोसाडहून यंदा लखनच्या जथ्यात चौदा माणसं होती आणि निशाण योगराजच्या खांद्यावर होतं. सगळे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात राबणारे. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात.

या लोकांची एक गंमत आधी सांगायला हवी. खात्यात शंभर-शंभर लूम एकदम खडखडत असतात. तिथं घसा फोडून उपयोग नाही. शेजारच्याचे ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं. लखनने बावीस वर्षं असे ओठ वाचले. त्यात कान निम्मे गेले, पण समोरच्या गच्चीवर नवरा-बायको काय कुजबुजतात ते तो बिनचूक सांगे. गल्लीतल्या बायका त्याच्यासमोर तोंडाला पदर लावूनच बोलत.

त्याच्या शेजारच्या लूमवर किसन असायचा, डावा पाय किंचित घासत चालणारा. मुलगी वर्षा दुखण्यातून उठली म्हणून किसनने गडाच्या अकरा खेपा पायी करायचा नवस बोलला होता. दहा खेपा त्याने लखनच्या जोडीने केल्या, आणि या पौषात किसन गेला. राहिलेली खेप त्याच्या बायकोने, धुरपदाबाईने, अंगावर घेतली. वर्षाचं लग्न वैशाखात ठरलेलं. निघताना पोरीने लखनचा हात धरला.

"काका, बाप ग्या. मायले धड घर लई या."

तिच्या आईला सुखरूप घरी आणायचा लखनने शब्द दिला. दिला खरा, पण मनात म्हणाला, ही बाई वाटेतल्या उनाईपर्यंत तरी टिकते का बघू. उनाई आलं, वघई आलं, आणि टिकायची पाळी लखनवर आली. पन्नाशीची बाई, पायात साधी रबरी चप्पल, पण चालायची अशी की वाट तिच्या पायाखालून आपणच सरकावी. लखनला तिचं फार कौतुक वाटलं. डांगचे डोंगर दरवर्षीसारखेच देखणे होते. पानं झडलेला साग, बांबूची बेटं, खाली मोहाच्या फुलांचा सडा आणि त्याचा तो गोड, जडावलेला वास. सुरतेच्या धुरात वर्षभर राबलेल्या माणसाला हे आठ दिवस म्हणजे माहेरपणच.

शामगहानचा मुक्काम उरकून पहाटे त्यांनी सापुताऱ्याचा घाट धरला. ऊन वर आलं, वारा पडला. घाटाची वळणं एकावर एक रचलेली. वरच्या वळणावरचा माणूस दिसायला हाकेच्या अंतरावर असतो, पण तिथं पोचायला पाव तास लागतो. साडेअकराच्या सुमाराला लखनने सहज वर पाहिलं.

कठड्याला टेकून किसन उभा होता.

तीच टोपी, तसाच एक खांदा खाली. ओठ हलत होते. खात्यात जसे हलायचे तसेच, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"ये... चाल... ये..."

लखनच्या अंगावर भर उन्हात काटा आला. त्याने बाजूला पाहिलं. बाकी कुणाची मान वर नव्हती. धुरपदाबाई त्याच्या पुढे चार पावलं, झपझप चढत होती. नवऱ्याच्याच दिशेने.

हा बायकोला न्यायला आलाय, लखनच्या मनाने घेतलं.

"वैनी, जराशा बसूत ना."

"बसनं की पाय जड पडतस, भाऊ. चाला."

ते वळण गाठलं तेव्हा कठड्याजवळ कुणी नव्हतं. मोहाचा वास मात्र तिथं इतका दाट होता की श्वास अडकावा, आणि आसपास मोहाचं एकही झाड नव्हतं. लखनने वर पाहिलं. किसन पुढच्या वळणावर होता.

"ये..."

लखनने काय नाही केलं? चपलेचा पट्टा तुटल्याचं सोंग केलं, पाणी मागितलं, पोटात कळ आली म्हणून खाली बसला. बाई मिनिटभर थांबायची आणि पुन्हा निघायची. पाच वळणं अशी गेली. शेवटच्या वळणाखाली लखन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाला, "किसन, वैनीले सोड. पोरनं लगीन बाकी शे. लई जानं व्हई ते माले लई जाय."

 किसन हसला.

"तुलेच बलाई ऱ्हायनू."

सापुताऱ्याच्या चहाच्या टपरीवर लखन घाटाकडे पाठ करून बसला होता. बाकीची माणसं तळ्याकडे पाय बुडवायला गेली होती. धुरपदाबाई त्याच्या कानाशी येऊन बसली.

"भाऊ, काय देखं तुम्ही घाटमा?"

लखनला राहवलं नाही. "वैनी... किसन देखा."

ती दचकली नाही. तिच्या चेहऱ्यावर उलट सुटल्यासारखा भाव आला. "माले म्हाईत शे. कोसाडपासून मना मांगे चाली ऱ्हायनात. डावा पाय घाशीसन, तसंच. माले आवाज ये. तुमले ऐकू येत नै, म्हनीसन सांगं नै. मी मांगे फिरी देखं नै एकदाबी. त्यासना धीरवरच एवढी चालनू."

"मांगे?" लखन तिच्याकडे वळला. "वैनी, तो ते पुढे व्हता. वरना वळणवर. माले बलाई ऱ्हायंता..."

 हळूच मान तिरकी करून धुरपदाबाईने पाठीमागचा कानोसा घेतला. मग लखनचं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ, ते मांगेच शेतस. आत्तेबी. मंग... पुढे कोन व्हतं?"

सापुताऱ्याच्या मुक्कामी रात्रभर तिने त्याचं मनगट सोडलं नाही. जथा मोडून परतायचं नाही, नवस अर्धा टाकायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. "मना मांगे चाला. ते तुमना पाठवर ऱ्हातीन. पुढे देखूच नका," तिने बजावलं. पहाटे हतगडच्या बाजूने उतार सुरू झाला. खाली मैलभर वळणंच वळणं, आणि गडाला जायला त्यांच्यापुढे तेवढा एकच रस्ता. डोंगरांवर कोवळं ऊन पडलं असेल, रूप बघण्यासारखं असेल, पण लखनने नजर धुरपदाबाईच्या टाचांवर खिळवली. एक वळण झालं. दुसरं झालं. त्याला जरा धीर आला.

तिसऱ्या वळणाआधी निशाण थांबलं. योगराज मागे वळून त्याच्याजवळ आला. त्यालाही खात्यात आठ वर्षं झाली होती.

"लखनदादा, खाले वळणवर तो मानूस कोन शे? तुमनं नाव ली ऱ्हायना."

लखनने मान खालीच ठेवली. "काय म्हनस?"

योगराजने कपाळावर हात धरून खाली निरखून पाहिलं, आणि वाचत वाचत म्हणाला, "म्हनस... मान वर कर."