सखारामचे चार सेकंद

मराठीच्या तासाचं शेवटचं वाक्य कळायला गणिताच्या तासाचं पंधरावं मिनिट उजाडावं, असं कधी कुणाचं होतं का? उर्मी मेस्त्रीचं रोज होत होतं.

उर्मी सातवीत. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या बाकाशेजारी सखाराम हा यंत्रमानव उभा असे. ऐकलेलं बोलणं तो खुणांच्या भाषेत (हातांनी बोलण्याच्या भाषेत) दाखवी, आणि तिच्या खुणा मोठ्याने बोलून दाखवी. तो शाळेत आला त्या दिवशी पाहुण्यांनी त्याला ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ एवढं एक वाक्य सांगितलं. त्याने ते अचूक दाखवलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. दुसरं वाक्य सांगून पाहावं असं कुणालाच सुचलं नाही. समारंभाला एकच पुरतं.

मराठीचे साटम सर मात्र एकदा सुरू झाले की घंटेपर्यंत थांबत नसत. त्यांच्या विनोदाला वर्ग हसे. उर्मी हसे ती नेमकी कुणाच्या तरी निधनाच्या धड्यात. प्रगतिपुस्तकात दोन वर्षं ‘आकलन मंद’ असा शेरा पडला. येत्या शनिवारी शाळा समिती बसणार होती. सखाराम परत, आणि उर्मी जिल्ह्याच्या कर्णबधिर मुलांच्या वसतिगृहात, असं जवळजवळ ठरलं होतं. फक्त सरांचं शिफारसपत्र जोडायचं बाकी होतं.

उर्मीने रडण्याआधी घड्याळ लावलं. सर एका वाक्याला तीन सेकंद घेतात, सखाराम ते दाखवायला चार. म्हणजे दर वाक्यामागे एक सेकंद उशीर होतो आणि तो साचत जातो. हा हिशेब घेऊन ती आजोबांकडे गेली.

हरिश्चंद्र मेस्त्री, म्हणजे तिचे आजोबा, ज्या केंद्रात सखारामचा मेंदू तयार झाला तिथले निवृत्त शास्त्रज्ञ. नातीपेक्षा यंत्रावर त्यांचा विश्वास अंमळ जास्तच. खुणांची भाषा शिकायची त्यांनी दोनदा सुरुवात केली होती. त्यामुळे दोघांचं बोलणं शाळेतून तिच्याबरोबर घरी येणाऱ्या सखाराममार्फतच चाले. यंत्रात खोट नाही, असं ते आधी म्हणाले. हिशेब पाहिल्यावर संगणक उघडून बसले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सखारामचा प्रोग्राम माणसांना वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो कंपायलर (भाषांतर करणारा दुसरा एक प्रोग्राम). पण हे काम कसं करायचं ते कंपायलरला आधी सांगावं लागतं. त्या सूचनांच्या यादीला म्हणतात बिल्ड सेटिंग्ज (बांधणीच्या सूचना). प्रोग्राम तोच ठेवून सूचना बदलल्या, तर यंत्र चपळ होतं किंवा रेंगाळतं.

“आठ जणांना पाणी द्यायचंय,” आजोबा म्हणाले. “तू आठ वेळा विहिरीवर जाशील की एकदाच घागर आणशील? घागर आणायची अक्कल कंपायलरला असते. पण इथे कुणीतरी ती बंद करून ठेवलीय. वर प्रत्येक पाऊल वहीत लिहायला सांगितलंय.”

असं का करतात, उर्मीने विचारलं. चूक शोधताना करावं लागतं, ते म्हणाले. पावलं लिहिलेली असली की कुठे ठेच लागली ते कळतं. पण चूक सापडल्यावर वही मिटायची असते. ती न मिटता यंत्र शाळेत पाठवणाऱ्या माणसाला त्यांनी बरीच विशेषणं दिली. सखारामने ती सगळी इमानाने हातांनी दाखवली.

बोलता बोलता त्यांनी यादी वर सरकवली. पहिली ओळ आली: ‘ह. मेस्त्री यांच्या लेखी परवानगीशिवाय या सूचना बदलू नयेत.’ खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

आजोबा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. प्रत्येक नव्या यंत्रासाठी केंद्रातल्या मंडळींनी जुनी यादी उचलली, ओळ वाचली, आणि भीतभीत तशीच ठेवली. मोठ्यांचं नाव दिसलं की आपल्याकडे हात आपोआप मागे जातो.

“मला कुणी विचारायलाच आलं नाही,” आजोबा म्हणाले.

उर्मीचे हात हलले. चार सेकंद आजोबांना काहीच कळलं नाही. मग सखाराम बोलला, “तुम्हीपण कधी मला विचारलं नाहीत, वर्गात काय होतं ते.”

आजोबांनी सरळ केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी अत्यंत आदराने सांगितलं, की सर, तुमची लेखी परवानगी लागेल. ती त्यांनी लिहिली. ती परवानगीची ओळ काढून तिथे प्रत्येक सूचना का आहे आणि केव्हापर्यंत ठेवायची, हे लिहायला लावलं. घागर चालू केली, वही मिटली, नवी बांधणी झाली. मग दोनशे वाक्यं जुन्या आणि नव्या बांधणीला देऊन अर्थ तोच राहतो ना, हे दोघांनी मिळून ताडून पाहिलं. वेग वाढवताना अर्थ सांडला तर काय उपयोग? अर्थ तोच राहिला. सखाराम आता बोलणाऱ्याच्या मागे जेमतेम अर्धा सेकंद राहत होता.

शुक्रवारी पहिल्या तासाला सरांनी प्रश्न विचारला. सखारामचे हात बोलण्याबरोबरच चालले. प्रश्नानंतर उर्मीला वेळेवर कळलेलं पहिलं वाक्य होतं, “हिला नको, हिला वेळ लागतो. पल्लवी, तू सांग.”

हे वाक्य तिने पूर्वीही पाहिलं होतं. पण पंधरा मिनिटांनी आलं, की ते कुणाबद्दल आहे ते कळत नसे.

पल्लवी उठायच्या आत उर्मी उभी राहिली आणि उत्तर दिलं. सरांनी खात्रीसाठी दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. त्या तासाला तिला सात प्रश्न आले. आधीच्या दोन वर्षांत मिळून सहा आले होते.

घंटा झाल्यावर सरांनी शिफारसपत्र बाहेर काढलं, फाडलं, आणि समितीला मुलगी इथेच राहील असं कळवतो म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून स्वतःशीच पुटपुटले, “म्हणजे दोन वर्षं आपण हिला...”

एवढंच. सखारामचे हात पुढच्या शब्दासाठी हवेत थांबले. उर्मीने ते हळूच खाली केले आणि पुढच्या तासाचं पुस्तक काढलं.