पाण्यात सुकलेल्या मिरच्या

पाण्यात उभं असलेलं रोप सुकतं कसं?

शर्वाणी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून या कोड्याशी झटत होती. तिच्या मिरचीच्या रोपांच्या बुडाशी बोटभर पाणी साचलं होतं, तरी पानं पिवळी पडून रोपांनी माना टाकल्या होत्या. पन्नास पावलांवर, जरा उंचवट्यावर, निमिषाचा वाफा होता. तिथली रोपं हिरवीगार, पांढऱ्या फुलांनी लहडलेली.

"वा निमू! हाताला गुण आहे हो तुझ्या!" आजोबांचा आवाज इथवर ऐकू आला.

शर्वाणीनं एक पिवळं पान तोडून चुरगाळलं.

ही गोष्ट २०५८ सालच्या श्रावणातली. आजोबा, म्हणजे डॉक्टर दिगंबर लांजेवार, मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे वैज्ञानिक) होते. बोदलबांध गावच्या तळ्याकाठी त्यांची प्रयोगशाळा होती आणि त्यांचा रोबो (यंत्रमानव) होता गिरमिट. त्याला सहा पाय होते आणि पोटाखाली जमिनीत दोन मीटर घुसणारं भोक पाडायचं अवजार. त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं.

अकरा वर्षं आजोबा आणि गिरमिट शर्वाणीचे एकटीचे होते. मग जूनमध्ये तिची आतेबहीण निमिषा आली. तिचे आईबाबा दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन केंद्रात वर्षभरासाठी गेले म्हणून त्यांनी तिला इथं ठेवलं होतं. आल्या आल्या तिनं आजोबांना प्रश्न विचारविचारून आपलंसं केलं. गिरमिटही तिच्या मागे मागे फिरू लागला.

गंमत म्हणजे खालचा वाफा शर्वाणीनंच हट्टानं मागून घेतला होता. काळी माती, सपाट जागा, तळं जवळ! वरची रेताड, तांबूस जमीन तिनं निमिषाला मोठ्या मनानं देऊन टाकली होती. आता तक्रार तरी कोणत्या तोंडानं करणार?

त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली होती. रविवारी दुपारी आजोबा झोपले होते आणि निमिषा आईशी फोनवर बोलत बसली होती. शर्वाणीनं पंपाची नळी उचलली, निमिषाच्या वाफ्यात सोडली आणि पंप चालू केला.

"तुझीही रोपं बुडू देत," ती दातओठ खात पुटपुटली.

दोन तासांत वाफा काठोकाठ भरला. तिनं नळी गुंडाळून ठेवली आणि घरी आली. संध्याकाळी ती चोरपावलांनी बघायला गेली.

वाफ्यात पाण्याचा थेंब नव्हता! रोपं उलट न्हाऊन ताजीतवानी झाली होती.

शर्वाणीच्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी शाळेतून आल्यावर तिनं पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं. "आजोबा, बघा ना! पाऊस नाही तरी माझी रोपं कशी तरतरीत!" निमिषा टाळ्या पिटत होती.

आता मात्र मत्सरापेक्षा कुतूहल भारी पडलं. मंगळवारी शर्वाणीनं गिरमिटला एकट्याला गाठलं.

"गिरमिट, पाणी गेलं कुठं?"

"कोणतं पाणी?" त्यानं भाबडेपणानं विचारलं.

"मी... निमिषाच्या वाफ्यात सोडलेलं. तिची रोपं मरावीत म्हणून."

"कोणाची रोपं मरावीत म्हणून?"

शर्वाणी दचकून वळली. मागे आजोबा उभे होते आणि त्यांचा हात धरून निमिषा. निमिषाचे डोळे भरून आले होते.

"मी काय केलंय गं तुला?" ती म्हणाली.

"तू आलीस!" शर्वाणी ओरडली आणि तिलाच रडू फुटलं. "माझे आजोबा घेतलेस, गिरमिट घेतलास, आणि तुझ्याच मिरच्या वाढतात!"

आजोबा बांधावर बसले आणि त्यांनी दोघींना दोन बाजूंना बसवून घेतलं.

"केलंस ते वाईटच केलंस," ते म्हणाले. "निमूची माफी मागायला हवी, आणि ती मनापासून. पण प्रश्न विचारलास तो पहिल्या प्रतीचा. पाणी गेलं कुठं? गिरमिट, दोन्हीकडची माती काढ."

गिरमिटनं आधी उंचवट्यावर भोक पाडलं. भुसभुशीत, जाड रेतीची तांबूस माती वर आली. खालच्या वाफ्यात मात्र तो कण्हत कण्हत आत गेला. वरची वीतभर माती काळी होती. तिच्याखाली निघाला राखाडी, चिकट गोळा. त्यावर गंजासारखे तांबडे ठिपके होते आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता.

"ईऽऽ!" दोघींनी एकदमच नाक धरलं.

आजोबांनी काचेच्या बरणीत दोन्हीकडची थोडी थोडी माती टाकली, पाणी ओतलं आणि बरणी खळखळून हलवली. रेती क्षणात तळाला बसली. पाणी मात्र गढूळच राहिलं.

"हे कधी निवळेल?" निमिषानं विचारलं.

"दोन-चार दिवस तरी लागतील. चिकणमातीचे कण फार बारीक असतात, ते सावकाश बसतात. फार फार पूर्वी आपलं तळं इथपर्यंत पसरलेलं होतं. लाटांनी जाड रेती कुठं टाकली असेल?"

"काठावर," शर्वाणी नाक पुसत म्हणाली. "म्हणजे निमिषाचा वाफा जुन्या काठावर आहे!"

"बरोबर. आणि आत, संथ पाण्यात, ही बारीक चिकणमाती थरावर थर बसत गेली. तळं मागे हटलं आणि उरलं सरोवरी मैदान (तळ्याचा उघडा पडलेला सपाट तळ). तिथं पाण्याला वाहून जायला उतार नाही, खाली झिरपायला मोठी छिद्रं नाहीत. म्हणून निचरा (जमिनीतून पाणी निघून जाणं) होत नाही."

"पण पाणी तर रोपांना हवंच असतं ना?"

"मुळांना श्वासही घ्यायचा असतो, बेटा. मातीच्या छिद्रांत पाणीच भरून राहिलं तर हवा राहणार कुठं? गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून तुझी मिरची पाण्यात उभी राहून तहानेली झाली."

शर्वाणीनं राखाडी गोळा हातात घेतला. "आणि हा रंग?"

"मातीत लोह असतं. प्राणवायू मिळाला की ते गंजतं, तांबूस दिसतं," गिरमिट म्हणाला. "प्राणवायू संपला की माती राखाडी पडते."

निमिषानं वाकून पाहिलं. "हे तांबडे ठिपके जुन्या मुळांच्या भोकांभोवतीच आहेत. तिथून हवा आत गेली असेल का?"

अगदी बरोबर होतं ते. शर्वाणीला पुन्हा एकदा टोचलं. आपल्याला का नाही सुचलं? पण या वेळी तिनं निमिषाकडे नीट पाहिलं. निमिषाच्या हातालाही तीच घाण माती लागली होती, आणि डोळे अजून ओलेच होते.

"चुकलं माझं, निमू," ती म्हणाली. "पंपाला हात लावायला नको होता मी."

निमिषा लगेच काही हसली नाही. "मला खूप राग आलाय," ती म्हणाली. मग राखाडी गोळा बोटानं दाबत तिनं विचारलं, "मग या मातीत लावायचं काय?"

शर्वाणीनं तळ्याकडे पाहिलं. पाण्याच्या कडेला गावकऱ्यांची धानाची बांधी (भाताची खाचरं) डोलत होती. "आजोबा, धान कसं नाही गुदमरत?"

"त्याच्या खोडात पोकळ नळ्या असतात. पानांतून हवा थेट मुळांपर्यंत पोचते. ही माती वाईट नाही गं. ती पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवते. तिला साजेसं पीक द्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी शर्वाणीनं सुकलेली रोपं उपटली. शेजारच्या बांधीतून उरलेले पऱ्हे (धानाची रोपं) मागून आणले आणि गुडघाभर चिखलात उतरली. जरा वेळानं शेजारी पचकन आवाज झाला. निमिषा चिखलात उतरली होती. तिचा राग पुरता गेला नव्हता, पण तिच्या हातात पऱ्ह्यांची जुडी होती.

आश्विनात धान लोंबीला आलं. तोवर दोघींनी गिरमिटला घेऊन तळ्याभोवती एकशे बारा भोकं पाडली होती आणि कुठं रेती, कुठं चिकणमाती याचा रंगीत नकाशा तयार केला होता. नकाशात भोकांचे ठिपके शर्वाणीनं जास्त मांडले की निमिषानं, यावर अजूनही भांडण व्हायचं. गावानं तो नकाशा पाहून नव्या फळबागेची जागा बदलली. ती आता जुन्या काठावर होणार होती.

"तळ्याच्या पलीकडचं मैदान अजून बाकी आहे," निमिषा म्हणाली.

"उद्या सकाळी निघू," शर्वाणी म्हणाली आणि गिरमिटच्या पायांतला चिखल खरवडायला बसली.