बदला की जोडा?

चिमणीचा फोन अभ्यासिकेतल्या पाण्याच्या पिंपात पडला, तिथून सगळं सुरू झालं. चिमणी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. पाणी घ्यायला वाकली आणि वरच्या खिशातून फोन... डुब्! ती किंचाळायच्या आत कुणीतरी बाहीसकट हात आत घातला आणि फोन वर काढला.

"अहो, बाही तरी वर करायची!"

"फोन बुडत होता... बाही काय, वाळेल."

बाही वाळली. फोन मात्र गेला तो गेलाच. औषधनिर्माणाची परीक्षा तोंडावर, आणि वर्षभर तयार केलेली कार्डं त्या फोनमधल्या ॲपमध्ये. पुढे औषधाचं नाव, बोट लावलं की कार्ड उलटून मागे त्याचा उपयोग. आमच्या वेळी पाठांतर म्हणजे गच्चीवर येरझारा. ते पिंपात पडायची भीती नव्हती.

"बॅकअप घेतला होतात का?" त्यानं विचारलं.

"घेतला होता... बहुतेक. मेलवर आहे."

तोही त्याच परीक्षेचा, तेच ॲप वापरणारा. चिमणीनं नवा फोन आणल्यावर फाईल त्याच्याकडे पाठवली आणि त्यानं ती भरून दिली. ॲपनं विचारलं, 'बदला' की 'जोडा'? फोन रिकामाच होता, त्यानं 'बदला' दाबलं. चिमणी म्हणाली, त्याचं लक्षच नव्हतं गं, कान नुसते लाल झाले होते.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी फोन घेऊन तिची उजळणी घ्यायला बसले.

"सेटिरिझिन?"

"ॲलर्जी. शिंका."

मी कार्ड उलटलं. "बरोबर. पण खाली हे काय? 'समोरचीला शिंक येते तेव्हा ती डोळे मिटून थांबते. शिंक परत गेली की स्वतःच सॉरी म्हणते.'"

"दे इकडे!"

कार्डं तिची नव्हतीच. दोन्ही फायलींना ॲपनं एकच नाव दिलेलं, आणि त्या गडबड्यानं स्वतःची फाईल भरली होती. जवळजवळ प्रत्येक औषधामागे ही 'समोरची'. डोकेदुखीच्या गोळीमागे ती कपाळाला पेन टेकवते, झोपेच्या गोळीमागे पुस्तकाआड जांभई देते...

"त्याच्या घरासमोर राहत असेल कुणी," चिमणी म्हणाली. "मला काय त्याचं!"

"मग रडतेस कशाला?"

"माझी कार्डं गेली म्हणून! आणि परत मागितली तर त्याला कळेल ना... मी हे वाचलं ते."

कार्डं नाहीत तर परीक्षा बुडणार, मागावी तर लाज. बिचारी फोन हातात घेई आणि पुन्हा ठेवून देई. मी तर पार चक्रावले. शिंक परत गेल्यावर सॉरी म्हणणारी माणसं जगात दोन-दोन असतात?

"अगं, तो अभ्यासिकेत बसतो कुठे?"

"काय माहीत! मी कुठे मान वर करते?"

शेवटी तोच चिमणीच्या मैत्रिणीकडून पत्ता घेऊन दारात आला.

"तुमची फाईल माझ्याकडेच राहिली... म्हणजे माझी तुमच्यात गेली. तुम्ही उघडली नाहीत ना?"

"परीक्षा आहे. न उघडून करते काय?" चिमणी फणकारली. "त्या समोरचीला तरी विचारलंत का, तिच्यावर औषधं पाठ केलेली चालतात का ते?"

"विचारणार होतो. पण ती... मान वरच करत नाही."

"मग जाऊन तिच्या घरी..." चिमणी मध्येच थांबली. डोळे मिटले, नाक वर गेलं. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. शिंक काही आली नाही.

"सॉरी," चिमणी म्हणाली.

आणि मग तिनं डोळे उघडून, पहिल्यांदाच, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मी?..."

"तुझ्याशिवाय माझ्यासमोर बसतं कोण?"

मग त्यानं तिचा फोन मागून घेतला. "तुझी कार्डं भरतो. माझी पुसली जातील, काळजी करू नकोस."

पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न. मी चष्मा लावून वाचला.

"बदला? कशाचा बदला घ्यायचाय गं?"

"आत्या, बदला म्हणजे जुनं पुसून नवं घालायचं. जोडा म्हणजे... दोन्ही एकत्र."

"मग यात विचारायचं काय?"

चिमणीनं त्याच्या हातातल्या फोनकडे बोट नेलं, जरा थांबली, आणि 'जोडा' दाबलं.

बॅकअप म्हणजे काय ते मला आजही धड कळलेलं नाही. आता त्यांचं औषधांचं दुकान आहे. काउंटरमागे दोघं खांद्याला खांदा लावून उभे असतात, तरी तो तिला हाक मारतो ती हीच...

"अगं ए समोरची!"