फोटो येतात, आवाज येत नाही

"माझी बायको हरवली आहे," घड्याळजी म्हणाले, "आणि ती रोज फोटो पाठवते आहे."

भाऊजींनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या तपासाच्या कामात मदत करत. मदत म्हणजे दार उघडणे, चहा करणे आणि चुकीचा अंदाज बांधणे. त्यांचा अंदाज ऐकला की वहिनींना खरं काय ते सुचायचं, असं निदान वहिनी म्हणायच्या.

घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे घड्याळजी ताडमाड माणूस. आत येताना चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकले होते. खुर्चीवर बसले तरी त्यांचे गुडघे टेबलाला टेकत होते.

"नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजींची बायको आणि घड्याळजींची बहीण, दोघी सहलीला गेल्या होत्या. जुनं ऐतिहासिक शहर. किल्ला, राजवाडे, नदीकाठचे घाट. पहिले दोन दिवस बायकोचा फोन आला. मग थांबला. आता घरच्या ग्रुपवर तिच्या नंबरावरून नुसते फोटो येत होते. फोन केला की बहीण उचलायची. ती झोपली आहे, ती आंघोळीला गेली आहे, तिचा घसा बसला आहे.

"पोलिसांकडे गेलो. ते म्हणाले, आजोबा, फोटो येताहेत ना? मग तक्रार कसली? पण बाई, माझी बायको घसा बसला तरी खुणांनी भांडेल. गप्प बसणारी नाही ती." त्यांनी खिशातला मोबाइल टेबलावर ठेवला. "तिला काही झालंय. ही मंडळी माझ्यापासून लपवताहेत."

वहिनींनी त्यांचा मोबाइल घेतला. तरुणपणी त्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत काम करायच्या. फोटो पाहताना आजही त्यांची मान तशीच तिरकी व्हायची.

"हा पहिल्या दिवशीचा?"

"हो. बहिणीने काढलेला. किल्ल्याकडे जाणारा रस्ता."

रस्त्याच्या कडेने एकसारखे दगडी खांब ओळीने उभे होते. एका खांबाला टेकून घड्याळजींची बायको हसत होती. खांबाचा माथा तिच्या डोक्याच्याही वर होता.

"आणि हा कालचा."

तोच रस्ता, तेच खांब. खाली फोटो काढणाऱ्याच्या बुटांची टोकं, त्यांना खेटून एका खांबाचा पाया. तिथून दोन सावल्या शेजारी शेजारी पुढे पडलेल्या. खांबाची आखूड, माणसाची लांब. खाली लिहिलं होतं, 'आज ऊन छान आहे.'

"सुंदर फोटो," भाऊजी म्हणाले. "अगदी कॅलेंडरवर छापावा असा."

"सुंदर आहे खरा," वहिनी म्हणाल्या. "जाताना त्यांनी काही वेगळं नेलं होतं का?"

घड्याळजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "माझी जुनी चादर नेली. धुऊन धुऊन विरलेली, मऊसूत. मी म्हटलं, हॉटेलात चादरी देत नाहीत का? तर हसली. आणि महिनाभर विणकाम चाललं होतं. काय विणतेस विचारलं, तर म्हणे चष्म्याचं घर. दोन विणली, अगदी सारखी. चष्मा तर एकच आहे तिच्याकडे!"

"घरात आणखी कोण?"

"एक मुलगी. पलीकडच्या गल्लीत दिली आहे." ते थांबले. "मुलगाही होता. म्हणजे आहे. माझ्या दुकानात उभा राहून म्हणाला, बाबा, हातात घड्याळ आता बांधतं कोण? मी म्हटलं, मग या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नकोस. त्याने लावला नाही. लग्नही तिकडेच केलं. त्याचा विषय आमच्या घरात निघत नाही."

ते गेल्यावर भाऊजी म्हणाले, "सरळ आहे. फोन चोरीला गेलाय. चोर फोटो पाठवतोय, आणि बहीण घाबरून गप्प आहे."

"चोर कशाला फोटो पाठवेल, भाऊजी? चोराला काय हौस? आणि त्या फोनला कुलूप आहे. पडद्यावर ठरावीक नक्षी बोटाने काढल्याशिवाय तो उघडत नाही, असं घड्याळजीच जाताना म्हणाले."

"मग बाई आजारी."

"बघू."

सहल नेणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर लोण्यासारखा आवाज काढला. "आमच्या प्रवाशांची खासगी माहिती आम्ही देत नाही. पण सगळे सुखरूप आहेत. तक्रार असती तर आम्हीच घरी कळवलं असतं."

मग मुलीचं घर. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. वहिनी कोण, कशासाठी आल्या, हे ऐकल्यावर तिच्या हातातला पेला घरंगळला. तो उचलता उचलता तिने विचारलं, "बाबा फार रागावलेत का?"

"काळजीत आहेत," वहिनी म्हणाल्या.

"आई मजेत आहे हो. रोज फोटो येतात ना."

"फारच शांत मुलगी," जिना उतरताना भाऊजी म्हणाले. "आईच्या जिवाची पर्वाच नाही! माझा हिच्यावरच संशय आहे."

"माझाही," वहिनी म्हणाल्या, आणि भाऊजी इतके चकित झाले की त्यांची पायरी चुकली.

शेवटी वहिनींनी घड्याळजींच्या बहिणीला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"मी डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलते. तुमच्या वहिनींना आठवण करून द्यायची होती. डाव्या डोळ्यात थेंब घालायचे आहेत."

पलीकडे मागे कोणीतरी जोरात हसत होतं, कसली तरी वाद्यं वाजत होती. मग उत्तर आलं, "हो, हो! आत्ताच घातले मी. अगदी न चुकता घालते."

वहिनींनी फोन ठेवला. "थेंब मी मनाने रचले होते."

"म्हणजे ती खोटं बोलते!"

"बोलते. पण तिच्या आवाजात भीती ऐकलीत का? तुम्ही चहा ठेवा, मी पुन्हा मुलीकडे जाऊन येते. आता मला परवानगी घ्यायची आहे."

"कसली?"

"सांगायची."

दुसऱ्या दिवशी घड्याळजींच्या दुकानात चौघं बसले. भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक चालली होती. मुलगी पदराशी चाळा करत होती. घड्याळजींनी भिंगाचा चष्मा कपाळावर चढवलेला, आणि चेहरा असा, की आता वाईट बातमीच येणार.

"तुमच्या पत्नी ठणठणीत आहेत," वहिनींनी आधी तेच सांगितलं. "कालच मी तुमच्या मुलीच्या फोनवरून त्यांच्याशी बोलले. आता हे मला कसं कळलं ते ऐका. पहिल्या फोटोत खांब त्यांच्यापेक्षा उंच आहे. परवाच्या फोटोत फोटो काढणारा माणूस खांबाला खेटून उभा आहे, दोघांवर एकच ऊन आहे, आणि माणसाची सावली खांबाच्या सावलीहून लांब आहे. म्हणजे माणूस खांबाहून उंच. तुमच्या पत्नी नव्हेत."

"माझी बहीण," घड्याळजी हळूच म्हणाले. "आमचं घराणंच उंच."

"फोनचं कुलूप तिला उघडता येतं. म्हणजे फोन राजीखुशीने दिलेला. भावजय आजारी असती तर नणंद किल्ला बघत हिंडली नसती, आणि मागे वाद्यं वाजत असताना खुशाल बोलली नसती. तेव्हा आजार नाही, चोरी नाही. पत्नी स्वतःच्या मर्जीने दुसरीकडे गेल्या होत्या, आणि ते तुम्हाला कळू नये म्हणून फोटो येत होते."

"पण कुठे?" भाऊजींना राहवलं नाही.

"ते यांच्या मुलीनेच सांगितलं, नकळत. बाबा काळजीत आहेत का, असं तिने विचारलं नाही. रागावलेत का, असं विचारलं. घरात राग कोणाच्या नावाने येतो? एकाच माणसाच्या. आणि विरलेली मऊ चादर कशाला लागते? एकसारखी दोन चष्म्याची घरं कशासाठी?"

भाऊजींच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "पायमोजे! बाळाचे!"

"शाब्बास, भाऊजी."

घड्याळजींनी भिंगाचा चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. मुलगीच बोलली. "दादा त्या शहराजवळच राहतो, बाबा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. आईने म्हणून तर ती सहल निवडली. बाळ लवकर झालं, बाळंतिणीला त्रास झाला, मग आईचा पाय निघेना. तिला खोटं बोलता येत नाही. तुमच्याशी दोन वाक्यं बोलली असती तर तुम्ही तिला पकडलं असतं. म्हणून आत्या…"

"मला फसवलंत!" घड्याळजी उठले. डोक्यावरचा दिवा हलला. "सगळ्यांनी मिळून! मी इथे तिचं काय झालं म्हणून रात्र रात्र जागा, आणि तुम्ही…"

"विचारलं असतं, तर जाऊ दिलं असतंत?" मुलगी म्हणाली.

घड्याळजी टेबलाकडे वळले. समोर एक घड्याळ उघडं पडलं होतं. त्यातलं एक बारीक चाक त्यांनी चिमट्याने उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं. चाक बसेना. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी. आई म्हणते, पाय लांबच लांब आहेत."

घड्याळजींनी पाठ फिरवली आणि खुंटीवरचा कोट काढला. बराच वेळ बाही सापडत नव्हती. भाऊजींनी पुढे होऊन धरली.

"तिकडे गाडी कुठून सुटते?"

"तुम्ही जाणार?" मुलगी उठून उभी राहिली.

"मग? तुझी आई एकटी कशी येईल परत? सामान असेल. आणायला जायला नको?"

"कधी आणणार?" वहिनींनी विचारलं.

घड्याळजी दुकानाची फळी लावता लावता थांबले.

"ते," म्हणाले, "तिथे गेल्यावर बघू."