सोमवारचं खोटं

पहाटेपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं.

हेमावती केशवापूरच्या त्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. एक हात चौकटीवर, दुसरा पोटावर... आत तिची मोठी जाऊ अंबूताई खाली बसून कैरी किसत होती. रोजच्यासारखीच, शांत, डोक्यावरून पदर घेतलेली. त्या शांत पाठीकडे बघताना हेमावतीला वाटलं, आपण इथंच कोसळून पडावं, म्हणजे काही सांगावं तरी लागणार नाही.

"अक्का," ती म्हणाली, "बाळ हलत नाहीये."

अंबूताईंनी किसणी बाजूला सारली. "कधीपासून?"

"पहाटेपासून. आणि अक्का... डॉक्टरीणबाईंनी आठ दिवस थांबा असं म्हटलंच नव्हतं. दिवस उलटून गेलेत, उद्याच दाखल व्हा, सलाईन लावून कळा आणू, असं म्हणाल्या होत्या. सोमवारी. मी खोटं बोलले."

आज शनिवार होता.

अंबूताईंनी एवढंच विचारलं, "का गं?"

हेमावतीने चौकटीवरचा हातही पोटावर घेतला. आणि तेवढ्यावरूनच अंबूताईंना सगळं कळलं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मग तिने जी मान खाली घातली, ती दिवसभर वर केली नाही.

पाच वर्षांपूर्वी सुलभाच्या वेळी बाळंतपणानंतर हेमावती विषमज्वराने दोन महिने अंथरुणाला खिळली होती. तिला सुलभाचं रडणंही ऐकू येत नसे. त्या तान्ह्या जिवाला गाईचं दूध बोळ्याने पाजून, रात्ररात्र मांडीवर घेऊन अंबूताईंनी जगवलं होतं. स्वतःच्या लग्नाला तेरा वर्षं होऊन कूस रिकामीच राहिलेली ती बाई, हेमावती बरी झाली त्या दिवशी काही न बोलता मूल तिच्या कुशीत ठेवून चुलीपाशी निघून गेली होती. ते उपकार हेमावतीच्या मनात असे रुतून बसले होते, की यंदा चौथा महिना लागला तेव्हा तिने आपण होऊन, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "अक्का, हे मूल तुमचं. दत्तक घ्या." कुणी मागितलं नव्हतं. कुणी सुचवलंही नव्हतं. अंबूताई नुसत्या बघत राहिल्या होत्या, आणि थोरले दीर प्रभंजनअण्णा डोळे पुसत बाहेर गेले होते. दसऱ्याला ती दोघं नवनगरच्या नव्या घरी राहायला जाणार होती. मूलही त्यांच्याबरोबर जाणार, असं ठरलं.

आणि पुढच्याच महिन्यात ते मूल पोटात फिरू लागलं.

त्या क्षणापासून हेमावती मनातल्या मनात दिलेलं परत मागत होती. दिवसा अंबूताईंनी शिवलेली झबली बघून हसायचं आणि अंथरुणावर पडलं की पोटाला दोन्ही हातांनी कवटाळायचं... आपण इतक्या कृतघ्न आहोत, याची तिला शिसारी येई. सोमवारी अण्णांना ताप होता, अंबूताई त्यांच्यापाशी थांबल्या, म्हणून ती एकटीच दवाखान्यात गेली, आणि परतताना रिक्षात तिला एकच सुचलं. पोटात आहे तोवर ते आपलं आहे. अजून थोडे दिवस. फक्त थोडे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी पोटावर इकडेतिकडे हलवत कितीतरी वेळ ठोके ऐकले. मग नळी काढून त्या आधी कानडीत, मग मराठीत कडाडल्या, "मंगळवार बा अंत हेळिद्दिल्लेनु? मंगळवारी ये म्हटलं होतं ना? चार दिवस कुठं होता तुम्ही? ठोके मंदावलेत बाळाचे."

दारात हेमावतीचा नवरा वादिराज उभा होता. शाळेतून तसाच धावत आलेला, हाताला खडू लागलेला. त्याने चमकून बायकोकडे बघितलं. हेमावतीने तोंड उघडलं, पण त्याआधीच अंबूताईंचा आवाज आला.

"माझी चूक झाली. मीच तिला थांबवलं. दिवस चांगला नव्हता."

वादिराज आजवर वहिनींसमोर कधी मोठ्याने बोलला नव्हता. पण भीतीने त्याचं भान सुटलं होतं. "तुम्ही पंचांग बघत बसलात, वहिनी? बरोबर आहे. कळा कशा असतात ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे."

अंबूताईंनी पदर खांद्यावर सारखा केला आणि त्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

हेमावतीने हे सारं ऐकलं. तिला बोलता आलं असतं. एकच वाक्य पुरे होतं... पण ती गप्प राहिली, आणि नर्सने हाताला सलाईनची सुई टोचली तेव्हा वेदनेच्या निमित्ताने तिने डोळे मिटून घेतले.

"दुसरं आहे, लवकर होईल," नर्स म्हणाली. थेंब मोजून तिने नळीची चकती सैल केली. तासाभराने आणखी सैल केली. सुलभाच्या वेळच्या कळा लांबून, पाऊल वाजवत आल्या होत्या. या मात्र एकदम अंगावर कोसळत होत्या, मधे श्वास घ्यायला जागा न ठेवता, बाहेरून कुणीतरी मुठीत धरून पिळावं तशा. पाणी गेलं ते हिरवट होतं. ते बघताच नर्स डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळाली. प्रत्येक कळेबरोबर हेमावतीच्या कानात वादिराजचं ते वाक्य घुमत होतं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, हे माझ्या वाट्याला यायला हवं होतं. बाळ गेलं तर त्याला मारणारी मी, आणि जन्मभर बोल लागेल तो अक्कांना.

चारच्या सुमारास मुलगी झाली. निळसर, निपचित... डॉक्टरीणबाईंनी तिचं नाक-तोंड साफ केलं, पाठ चोळली, उलटी धरून तळव्यांवर टिचक्या मारल्या. कितीतरी वेळाने एक बारीक, चिडका आवाज आला. हेमावतीने तो ऐकला आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

संध्याकाळी खाटेपाशी वादिराज आला. अण्णाही आले होते. अंबूताई दाराशीच थांबल्या होत्या.

"मी सांगते ते ऐका," हेमावती म्हणाली. तिची नजर चादरीवर होती. "अक्कांना काही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सोमवारीच सांगितलं होतं, आणि मी घरी येऊन खोटं बोलले. मूल द्यावंसं वाटेना म्हणून. सकाळी तुम्ही अक्कांना बोललात ते मी ऐकलं, आणि गप्प बसले."

वादिराजचा चेहरा पांढराफटक पडला. तो सावकाश दारापर्यंत गेला आणि वाकून त्याने वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ," अंबूताई म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी आहेस. अण्णांना घेऊन घरी जा, सुलभा शेजाऱ्यांकडे बसली आहे वाट बघत."

ते दोघे गेल्यावर त्या खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांनी हेमावतीच्या सुजलेल्या हातावरून हात फिरवला.

"अक्का, तुम्ही माझं खोटं अंगावर का घेतलंत?"

"तुझं एकटीचं होतं का ते?" अंबूताईंचा आवाज खोल गेला. "मी मागितलं नव्हतं, खरं आहे. पण तू 'घ्या' म्हणालीस तेव्हा मी 'नको' म्हटलं नाही. मूल फिरायला लागल्यापासून तुझं तोंड उतरलेलं मला दिसत होतं, हेमा. रोज सकाळी मनाशी ठरवायची, आज सांगू हिला, की नको गं मला, ठेव तुझं तुला. आणि रोज दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. पाच महिने. आज ठोके ऐकताना बाईंनी नळी हलवली ना, तेव्हा मला वाटलं, माझ्याच हावेनं हे लेकरू..."

हेमावतीला वाटत आलं होतं, की त्या घरात लाज बाळगणारी आपण एकटीच आहोत. तिने जावेचा हात घट्ट धरला आणि दोघी आवाज न करता रडल्या.

"घेऊन जा तिला," हेमावती शेवटी म्हणाली. "आता मी मनापासून सांगते."

"आता मी मनापासून नको म्हणते. नवनगरला आम्ही दोघंच जाऊ. माझी पुतणी म्हणूनच वाढू दे तिला."

तेवढ्यात मुलगी रडू लागली. अंबूताईंचे हात सवयीने पुढे गेले आणि मधेच थबकले. ते थबकणं हेमावतीच्या काळजाला चटका लावून गेलं.

"घ्या ना, अक्का."

अंबूताईंनी मुलीला उचललं. छातीशी धरून थोपटलं, तिच्या ओल्या जावळाला गाल लावला, आणि ती शांत झाल्यावर तिला हेमावतीच्या कुशीत दिलं.

"नीट धर. डोकं जरा वर घे, म्हणजे तिला ओढता येईल."

हेमावतीने तिला पाजायला घेतलं, आणि मग मान वर करून, त्या दिवसात पहिल्यांदाच, जावेच्या डोळ्यांकडे पाहिलं.