सदर बातमीचा खुलासा

त्या दुपारी काम तसं साधंच होतं. सात ओळींची एक निधनवार्ता सांजदैनिकात लावायची. उपसंपादक बाईंनी आजवर अशा शेकडो लावल्या होत्या. ही मात्र सख्ख्या भावाची होती, आणि तीनदा परत आली होती.

दादा त्याच पेपरात बातमीदार. वीस दिवसांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. आई तेव्हा मांडीचं हाड मोडून रुग्णालयात पडलेली. तिला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. घरी आल्यापासून तिनं एकच धोशा लावला होता, "पेपरात दाखव. चौकोन हिरवा झाला तरच खरं मानायचं, असं त्यानंच शिकवलंय मला." खोट्या बातम्यांचा सुळसुळाट झाल्यापासून त्यांच्या पेपरात प्रत्येक बातमीखाली ठिपक्यांचा चौकोन असे. लिहिणाऱ्यानं यंत्रावर अंगठा टेकवून डिजिटल सही केली की तो उमटायचा. वाचकानं त्यावर फोन धरला की हिरवी खूण आणि लिहिणाऱ्याचं नाव. आई अजून रोज दादासाठी दार नुसतं लोटून ठेवायची.

बाईंनी चौथ्यांदा अंगठा टेकवला. पडद्यावर पुन्हा तेच आलं. 'खुलासा: सदर बातमी चुकीची असून मागे घेण्यात येत आहे.' खाली दादाचं नाव आणि हिरवी खूण.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी संगणक विभागाला फोन लावला.

"अहो, त्याची सही रद्द करा म्हणून किती वेळा सांगायचं?"

"केलीय हो बाई. दोनदा केली."

"मग येते कशी?"

"तेच कळत नाही... अंगठा त्यांचाच जुळतोय."

"तो अंगठा राहिलाय का आता!" बाई ओरडल्या.

तो माणूस हळूच म्हणाला, "खुलासा टाइप होताना मी बघत होतो. एकेक अक्षर... 'चुकिची' लिहिलं, थांबलं, मग ऱ्हस्वाचं दीर्घ केलं..."

दादा जन्मभर तिथंच चुकायचा, आणि बाईच दुरुस्त करायच्या.

संपादकसाहेबांनी हात वर केले. "दोन्ही सह्या खऱ्या, बाई. कुणाची धरू?"

"मेलेल्याची धरणार?"

"नियमात मेलेल्यांबद्दल काही लिहिलेलं नाही."

शेवटी बाईंनी नियम धाब्यावर बसवला. छपाईखान्यातल्या माणसाच्या हातापाया पडून पान बदलून घेतलं. सात ओळी, खाली चौकोनाची जागा कोरी. पहिला अंक हातात पडला तेव्हा शाईचा उग्र वास येत होता. त्या कोऱ्या जागेवरून त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि तडक घर गाठलं. निदान अक्षरं तरी आईला दिसतील, एवढीच आशा होती.

आई खिडकीपाशी बसली होती. बाईंनी अजून अंक पिशवीतून काढलाही नव्हता, पण खोलीत शाईचा वास आधीच कोंडला होता.

आईनं अंक हातात घेऊन सात ओळी दोनदा वाचल्या. मग फोन उचलला.

"राहू दे आई. चौकोन नाहीये त्याला."

"आहे की गं."

होता. काळा, ठिपक्यांचा, अजून ओला. आईच्या बोटाला शाई लागली.

चौकोनावर धरलेला फोन टिणकन वाजला. हिरवी खूण. पडताळणी पूर्ण. लेखक म्हणून दादाचं नाव. सहीची वेळ, आज सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. सहीचं ठिकाण, त्यांच्याच घराचा पत्ता.

"म्हणजे खरंच गेला गं माझा..." आईला हुंदका आवरेना. इतके दिवस बाईंनी ज्यासाठी डोकं आपटून घेतलं होतं, ते झालं होतं. तिला जवळ घ्यावं असं बाईंना फार वाटलं, पण भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहाच झाले होते आणि पाय जागचा हलेना.

आई रडता रडता एकदम थांबली. फोनवरची नजर न काढता कुजबुजली,

"पण मग... सही करून बसलाय कुठे तो?"